१९५० च्या सुमाराचं वाण्याचं दुकान आणि दारावरचे फेरीवाले: देखावा उभा करायचाय, नेमकं काय काय लागेल?

रानमोगरी (प्रश्न)

गावातल्या शाळेच्या अमृतमहोत्सवात एका वर्गखोलीत १९५० सालचं किराणा दुकान आणि त्यासमोर दोन-तीन फेरीवाले असा देखावा करायचा आहे. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, कोरडवाहू, ज्वारीचं. हाताशी आहे ते असं: एक तागडी, पाच-सहा लोखंडी वजनं, धान्य मोजायची एक लोखंडी पायली आणि एक अधोली, लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी कोरी वही, रॉकेलचा एक चौकोनी डबा.

अडचणी चार. वजनांवर काहीच वाचता येत नाही, कुठलं किती ते कसं ओळखायचं? दुकानात माल कुठला आणि कसा मांडायचा? फेरीवाले कुठले दाखवायचे? सगळे एकाच दिवशी आले असं दाखवलं तर म्हातारी माणसं हसतील. आणि पैसे नसताना ज्वारी देऊन खरेदी व्हायची, ती नेमकी कशी, हे मुलांना करून दाखवायचं आहे.

दांडीबहाद्दर

वजनांचं आधी. १९५० म्हणजे किलो-ग्रॅम नाही. दशमान वजनांचा कायदा १९५६ चा, आणि तो गावापर्यंत पोचायला पुढची काही वर्षं गेली. त्यामुळे शेर-छटाकच. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे साधारण ९३३ ग्रॅम. घरातल्या डिजिटल काट्यावर तुमची वजनं ठेवा आणि जुळवा: अच्छेर (अर्धा शेर) ४६७ ग्रॅम, पावशेर २३३, नवटाक ११७, छटाक ५८. गंजून झिजलेलं वजन दहा-पंधरा ग्रॅमने कमी भरेल, तेवढं चालतं. नेमकं ५०० किंवा २०० ग्रॅम भरलं तर ते वजन नंतरचं आहे, बाजूला ठेवा. चाळीस शेरांचा मण, म्हणजे ३७ किलोंच्या थोडा वर. जुन्या कागदात 'कच्चा शेर' दिसला तर दचकू नका. मुंबईकडचा जुना शेर २८ तोळ्यांचाच होता.

तागडी मुलांच्या हातात द्यायच्या आधी तपासा. रिकामी तागडी सरळ उभी राहिली म्हणजे ती खरी, असं नाही. दांडीच्या दोन्ही बाजू लांबीला सारख्या नसल्या तरी हलक्या पारड्याला तार किंवा चिंचोका बांधून ती रिकामी असताना सरळ करता येते. यालाच पासंग म्हणतात. माल चढला की खोट बाहेर येते आणि मालाच्या प्रमाणात वाढत जाते. तपासायची रीत सोपी: एका पारड्यात शेराचं वजन, दुसऱ्यात ज्वारी, काटा बरोबर करा. मग दोन्ही उचलून पारडी बदला. काटा हलला तर दांडी खोटी. पुन्हा बरोबर करायला जेवढी ज्वारी काढावी किंवा घालावी लागली, त्याच्या निम्मी दर शेरामागची खोट. दोन तोळ्यांचा फरक पडला तर शेराला एक तोळा. 'दांडी मारणे' ते हेच. मुलांना एवढं एकच करून दाखवलंत तरी खोली भरलेली राहील.

नाणी: रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा जुन्या बाजारात सहज मिळतो, तो गल्ल्यात हवाच. चौकोनी चवली, पावली, अधेली. 'नये पैसे' लिहिलेलं नाणं १९५७ नंतरचं, ते चुकूनही नको.

कोठीघर

मालाबद्दल. पहिली चूक सगळेच करतात, ती म्हणजे दुकानात ज्वारी-बाजरीची पोती रचून ठेवणं. शेतकऱ्यांच्या गावात धान्य घराघरात कणगीत असायचं. दुकानात यायचं ते गावात न पिकणारं किंवा न होणारं: मीठ, गूळ, रॉकेल, गोडेतेल, चहा, साखर, सुपारी, तंबाखू, विड्या, काडेपेट्या, खोबरं, खारीक, हळकुंड, हिंग, कापूर, उदबत्ती, साबण, दोरे, चिमण्या-कंदिलांच्या काचा आणि वाती, खिळे, सोल (जाड दोर), पाट्या-पेन्सिली. भाजी, दूध, अंडी नाहीत. साखर थोडीच दाखवा, ती दुसऱ्या महायुद्धापासून कंट्रोलमध्ये (सरकारी नियंत्रणात) ये-जा करत होती. रोजच्या चहाला गूळच. प्लॅस्टिकची एकही बरणी नको. काचेच्या बरण्या तीन-चार, त्याही गोळ्या-बिस्किटांपुरत्या. बाकी पत्र्याचे डबे, गोणपाट, मातीचे माठ, टोपल्या.

मांडणीला कारणं असतात, ती सांभाळली की दुकान खरं वाटतं. मीठ दाराजवळ, मातीच्या किंवा लाकडी भांड्यात, जमिनीपासून वर उचलून. पावसाळ्यात ते पाणी सोडतं आणि पत्रा खातं. लोखंडी पारडंही खातं, म्हणून मिठाला लाकडी पारडं वेगळं असलं तर फारच छान. रॉकेल दुसऱ्या टोकाला, शक्यतो ओट्यावर बाहेर. चहा आणि गूळ वास ओढून घेतात. एकदा चहाला रॉकेलचा वास लागला की तो डबा गेलाच. गुळाची ढेप फळीवर, भिंतीला न टेकवता. भिंतीची ओल लागली की ढेप पाझरते आणि खालचा भाग चिघळतो. फळीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांसाठी.

तुमचा चौकोनी डबा चार गॅलनचा असणार, म्हणजे १८ लिटरच्या आसपास. त्याला वर दोन भोकं हवीत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. एकच पाडलं तर आत हवा जात नाही, तेल गचके खात पडतं आणि माप सांडतं. रिकामे डबे फेकत नसत, म्हणून एका डब्याचं वरचं तोंड कापून आडवी दांडी ठोका आणि पाण्याला वापरलेला दाखवा.

दुकानाला शटर नाही. दर्शनी बाजूला उंबऱ्याच्या आणि वरच्या तुळईच्या खाचेत एकामागून एक सरकवायच्या उभ्या फळ्या. फळ्यांवर आकडे घातलेले हवेत, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. कुलूप शेवटच्या फळीला.

आणि पुडी! कागदी पिशवी कुठे दिसली नाही पाहिजे. रद्दीचा चौकोनी तुकडा घ्या, एका कोपऱ्यावर अंगठा ठेवून गुंडाळत शंकू करा, खालचं टोक मुरडा, माल ओता, वरच्या दोन बाजू आत दुमडा, उरलेलं टोक खोचा. मोठ्या पुड्याला आढ्याला टांगलेल्या रिळाचा दोरा: एक वेढा आडवा, एक उभा, गाठ, मग दोरा बोटाभोवती घेऊन हिसका. कात्री नाही. मुलांना सराव लागेल. पहिल्या वीस पुड्या खालून गळतात, कारण टोक मुरडायच्या आधीच माल ओतला जातो. गुळाला पळसाचं पान, कागद चिकटतो. तेलाला आणि रॉकेलला गिऱ्हाईक आपापली बाटली घेऊन आलेलं दाखवा, तिच्या गळ्याला सुतळीचा फास बांधून.

गावकुसाबाहेर

फेरीवाल्यांबद्दल. महिना ठरवा, माणसं आपोआप ठरतील. मृगाच्या आधी घिसाडी गावाबाहेर पाल ठोकतात: फाळ, कुऱ्हाडी, विळे. भर पावसात रस्ते चिखलाचे, फेरीवाला जवळजवळ नाहीच, दुकानदार जेष्ठातच बेगमी करून ठेवतो. श्रावणात सण सुरू झाले की बांगड्या भरणारा कासार. दिवाळीच्या आधी कापडवाला. दिवाळीनंतर उघाड पडली की कल्हईवाला, सुया-दाभण-पोत विकणाऱ्या वैदिणी, जात्याला टाकी लावणारे. पौष-माघात ज्वारी निघाली की मात्र सगळे, कारण तेव्हा प्रत्येक घरात द्यायला काहीतरी असतं. तुम्हाला दोन-तीन जण एकदम दाखवायचे असतील तर सुगीचा महिना धरा. मग म्हातारी माणसं हसणार नाहीत.

मी निवडली तर दोघं निवडीन, कासार आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण.

कासाराचं काम हातांचं आहे, म्हणून ते बघायला मजा येते. काच ताणत नाही, त्यामुळे सगळा हिशेब मनगटाचा नाही, तळहाताच्या गाठींचा. आजही बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा असं सांगतात. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, आतला व्यास ५७ मिलिमीटर. दोन-सहा म्हणजे ६० च्या थोडा वर. मुरलेला कासार माप विचारत नाही, हात हातात घेतो, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग दाबून बघतो आणि तेवढ्यावर बांगडी निवडतो. मग अंगठा तळव्यात दुमडून घ्यायचा, करंगळीकडून बांगडी चढवायची, अंगठ्याच्या हाडाशी आली की तळवा चोळत चोळत तिरकी करून सरकवायची. अडलीच तर साबणाचं पाणी. सरळ रेटली की तडकते, आणि ओरखडा हाताच्या पाठीवर येतो. बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, हे मुलांच्या संवादात नक्की घाला. चढवताना वाढलेल्या बांगडीचे पैसे कासार घेत नाही, म्हणून तो घाई करत नाही. लग्नघर असेल तर हिरवा चुडा.

बोहारीण डोक्यावर पाटी, पाटीत भांडी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. १९५० ला स्टीलची भांडी दाखवू नका, पितळी आणि जर्मनची (ॲल्युमिनियमची). तिचा सगळा नफा जरीत. जुन्या लुगड्याचा, शेल्याचा पदर खऱ्या जरीचा असेल तर तो पुढे जाळून चांदी काढत. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो, नकलीत तांब्याची तार आणि बहुतेक सुती धागा. ओळखायची खूण: जरीचा एक धागा नखाने खरवडायचा. मुलामा गेल्यावर खाली पांढरं दिसलं तर चांदी, लालसर दिसलं तर तांबं. बोहारीण हे पदराला हात लावता लावता करून मोकळी होते आणि मग 'ह्याला काय येतंय बाई' म्हणून लुगडं बाजूला टाकते. बाजूला टाकलेलं लुगडंच तिला हवं असतं.

कल्हई दाखवायचा मोह होईल. खऱ्याने करू नका. भांडं राखेने आणि वाळूने घासायचं, भात्याच्या विस्तवावर तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरकन फिरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, त्याच्या फार पुढे गेलं तर कल्हई पिवळी पडते. घासणं कमी पडलं तर कथलाचे मणी होतात, पसरत नाही. पण नवसागराचा धूर डोळ्यात-घशात जातो, आणि बंद वर्गखोलीत तर नकोच.

रानमोगरी

हे फारच कामाचं. आता ज्वारीच्या मापाचं सांगा ना. पायली म्हणजे किती किलो धरायची? एका ठिकाणी साडेतीन वाचलं, एका ठिकाणी पाच.

दांडीबहाद्दर

ज्वारीची असेल तर साडेतीन किलो धरून चला. चार शेरांची पायली.

निळवं-कोळवं

थोडं थांबा. पायली हे आकाराचं माप आहे, वजनाचं नाही, आणि मापी शेर वेगळा, तोळ्यांचा शेर वेगळा. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. अर्धी पायली ती अधोली. इथवर सगळीकडे एक. पुढे कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळा. आणि पायलीचं भांडंच तालुक्यागणिक लहान-मोठं. त्यामुळे तुम्ही वाचलेले दोन्ही आकडे खरे असू शकतात. हाताशी भांडं आहे तर पुस्तक कशाला? त्यात पाणी ओता, लिटर मोजा. (गळत असेल तर आतून प्लॅस्टिकचा कागद लावा.) मग तीच पायली ज्वारीने भरून वजन करा आणि तेच पाटीवर लिहा.

खरी गंमत शिगेत आहे. माप दोन तऱ्हेने भरतात: काठावर काठी फिरवून सपाट, किंवा वर ढीग राहू देऊन शिगोशीग. 'शिगेला पोचणे' इथूनच आलं. आता शीग म्हणजे किती जास्त? ज्वारीचा ढीग साधारण २५ ते ३० अंशांच्या उतारावर थांबतो. २७ धरा. भांड्याची रुंदी आणि उंची सारखी असेल तर शिगेत सपाट मापाच्या साडेआठ टक्के जास्त ज्वारी जाते. तोंड उंचीच्या दुप्पट रुंद असेल तर १७ टक्के. म्हणजे बसकं, पसरट माप घेणाऱ्याच्या फायद्याचं आणि उभट माप देणाऱ्याच्या. दुकानदार ज्वारी घेताना शीग लावून घेई आणि तीच आषाढात विकताना काठी फिरवून सपाट देई. सौदा होताना 'पायली' हा एकच शब्द दोन्हीकडे. खोटं माप ठेवायची गरजच नाही.

दोन गोष्टी अजून बघाव्या लागतात. माप भरताना भांडं हलवलं किंवा गुडघ्याने धक्का दिला की दाणे बसतात आणि जास्त मावतात. उंचावरून ओतलं तरी तेच. म्हणून देणारा हळू, जवळून ओततो. घेणारा धक्का देतो. दोन मुलांना समोरासमोर बसवा, एकाच पायलीने एकच ढीग दोघांकडून मोजून घ्या. वीस पायल्यांच्या ढिगात एक-दीड पायलीचा फरक सहज निघेल. आणि मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं: लाभ, दोन, तीन...

दांडीबहाद्दर

मान्य. साडेतीनचा आकडा मागे घेतो, पाण्याने मोजणंच बरं.

जमानावे

वहीबद्दल कोणी बोललं नाही. तुमची लांबोडकी वही बरोबर आहे, फक्त तीत रेघा मारू नका. पानाला उभ्या घड्या घालत, त्यांना सळ म्हणतात. आठ सळांचं पान नेहमीचं. डावीकडचा अर्धा भाग जमा, उजवीकडचा नावे. वर मधोमध 'श्री'. रोजची उलाढाल रोजमेळात, तिथून प्रत्येकाच्या खात्यावर खतावणीत. नवी वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते, जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये नाही. तारखेच्या जागी तिथी लिहा.

रकमेला उभ्या-आडव्या रेघा. उभी रेघ म्हणजे पावली: १। सव्वा रुपया, १॥ दीड, १॥। पावणेदोन. आडवी रेघ म्हणजे आणा. मारवाडी किंवा गुजराती दुकानदार आपापल्या लिपीत लिही, मराठी वाणी मोडीत. मोडी येणारं कोणी नसेल तर बाळबोध (देवनागरी) लिहा, पण बोरूने, काळ्या शाईने. निळ्या बॉलपेनने सगळं मुसळ केरात जाईल.

उधारीचा धागा सुगीला बांधलेला. मजुरी-शेतीच्या घरात रोकड वर्षातून एकदा, म्हणून आषाढापासूनचं मीठ-तेल खात्यावर आणि फेड माघ-फाल्गुनात, बहुतेक धान्यात. उसनं धान्य सवाईने किंवा दिडीने: मण नेला तर सव्वा मण किंवा दीड मण परत. हे वर्षाचं व्याज समजू नका, सात-आठ महिन्यांचं आहे. शिवाय नेताना ज्वारी महाग, फेडताना स्वस्त. दुकानदाराने त्या ज्वारीची किंमत रुपयांत लिहून ठेवली आणि फेड रुपयांच्या हिशेबाने सुगीच्या भावात घेतली, तर वरवर व्याज शून्य दिसूनही कुणबी जास्त मण देतो. यात शीग धरली की हिशेब पुरा होतो.

एक मात्र करा, दुकानदाराला नाटकातला खलनायक करू नका. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध उठाव झाला, पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, आणि जाळले गेले ते मुख्यतः कर्जरोखे. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पण तो १९५० च्या पाऊण शतक आधीचा काळ. तुमच्या दुकानाच्या वेळी मुंबई राज्याचा १९४६ चा सावकारी कायदा होता, परवाना लागे. भिंतीवर अंगठ्यांचे कर्जरोखे टांगायचे असतील तर खाली साल लिहा, नाहीतर दोन काळ एकात मिसळतील.

रानमोगरी

शेवटचं एक. कासाराला, बोहारणीला बायका ज्वारी द्यायच्या. दिवसभरात दहा-बारा घरं केली तर ओझं किती होईल! ते घेऊन पुढच्या गावाला पायी कसे जायचे?

गावकुसाबाहेर

जात नसत. संध्याकाळी तीच ज्वारी वाण्याच्या ओट्यावर मोजून घालायची आणि रोख घ्यायची, किंवा त्याच पैशात मीठ-मिरची-तेल. वाण्याला भाव पाडून मिळे आणि माप शिगेचं. फेरीवाल्याला ते ठाऊक असे, म्हणून तो दारात घेताना आपली कसर तिथेच लावून ठेवी: सुपाने आलेली ज्वारी मापायची नाही, अंदाजाने 'एवढ्यात दोनच बांगड्या' म्हणायचं. रात्रीचा मुक्कामही बहुधा त्याच ओट्यावर, पेटी वाण्याच्या फळ्यांआड. त्यामुळे दोघांना शेजारी-शेजारी दाखवाल तेव्हा भांडणारे दाखवू नका. त्याच्या दुकानात बांगड्या नाहीत आणि याच्या पेटीत मीठ नाही, ते उगीच नव्हे.

आणि ज्वारी देणारी बाई देखाव्यात परसदाराशी उभी करा, पदराखाली सूप धरून. पुढच्या दारी कणगीचा हिशेब ठेवणारा बसलेला असतो.